नळीसकट विमानात

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरोखरीचा वाकलो तर नाकातली नळी अडकते, कागदावरचाच गोड मानून घे.) छातीतली धडधड कशी आहे? जिना चढू नकोस. चढलीस तर निदान भाऊजींना सांगू नकोस, ते मला फोन करून ओरडतात.

आधी हिशेब सांगतो. ऐंशी मिनिटांच्या विमानासाठी मला लागलं ते असं : छातीच्या डॉक्टरांकडे तीन खेपा, सात कागद, विमान कंपनीला नऊ फोन, चार बॅटऱ्या (प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या हव्यात म्हणे, मी सहापट नेल्या) आणि लेकीशी एक भांडण. ती म्हणत होती, "बाबा, मी घ्यायला येते." म्हटलं, तुझा बाप एक पाना घेऊन घराबाहेर पडला आणि पंपदुरुस्तीचं दुकान उभं केलं त्यानं, नुसतं खुर्चीत बसून जायला त्याला सोबत कशाला? वीस तारखेला तुझं ऑपरेशन. माझ्या वेळी तू दाराबाहेर बसली होतीस, तसा तुझ्या वेळी मी बसणार, हा माझा शब्द आहे. पण तुझ्याकडे यायचं म्हणजे तीन तासांचं विमान. म्हणून आधी लेकीच्या गावापर्यंत ही रंगीत तालीम.

तपासणीच्या पट्ट्यापाशी एक करारी बाई होत्या. माझ्या खांद्यावरचं मशीन बघून म्हणाल्या, "चालू करून दाखवा." म्हटलं, चालूच आहे. "मग बंद करून दाखवा." म्हटलं, बाई, करतो, पण परत चालू करायला दुसरा माणूस बघून ठेवा. हसल्या नाहीत. रांगेत मागे एकजण कुजबुजला, "म्हातारा पोचेल का हो?" दुसरा म्हणाला, "कुठं ना कुठं पोचेलच." (फुप्फुसं गेली, ताई, कान शाबूत आहेत.)

विमान उडालं आणि घोटाळा झाला. तुला ठाऊकच आहे, हे मशीन म्हणजे सिलिंडर नव्हे. ते हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं आणि आपण श्वास आत ओढला की तेवढ्यापुरता एक झोत सोडतं. घरी ते 'फुस्' मला झोपेतही ऐकू येतं. विमानाच्या घरघरीत ते बुडालं. आता आमच्या दुकानाची रीत अशी, की पंपाचं दुखणं ऐकायचं तर आधी आपला श्वास रोखायचा. मी पंपाला कान लावला की सगळे कारागीर श्वास धरून उभे राहतात. चाळीस वर्षांची सवय! मी मशीनला कान लावला आणि श्वास रोखला. फुस् नाही. आणखी रोखला. तरी नाही. मग मशीन कोकलायलाच लागलं. म्हटलं, संपलं. बॅटरी बदलली, नळी झटकली, पुन्हा श्वास रोखून ऐकलं, पुन्हा कोकललं. डोळ्यांपुढे काजवे, आणि त्या काजव्यांत तू, खाटेवर पडून दाराकडे बघणारी. तेवढ्यात हवाईसुंदरी धावत आली. तिनं मशीन बघितलं, मला बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "काका, मशीनला काही झालेलं नाही. तुम्ही श्वास घ्या."

घेतला. फुस्. शेजारच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

बाकी प्रवास झकास झाला. भीती म्हणून ती उरलीच नाही. उतरताना वैमानिकानं मला मान लववून निरोप दिला (तो सगळ्यांनाच देतो, असं लेकीचं म्हणणं). तेव्हा तू निश्चिंत राहा. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे फोनवरच सांगितलं असतं, पण तू माझं बोलणं ऐकत नाहीस, फुस् मोजत बसतेस. भाच्याला चार दिवसांची रजा मिळेल का? त्यानं काहीएक करायचं नाही. विमानात माझ्या शेजारी बसायचं आणि मधूनमधून कोपरानं ढोसून "मामा, श्वास" एवढं म्हणायचं. लेकीला सांगितलं असतं, पण त्या भांडणात मी जिंकलोय.

आणखी एक ता. क. : भाच्याला माझ्या घरी पाठवू नकोस, तिथं कुलूप आहे. मी लेकीकडेच आहे. दोन दिवसांसाठी आलो होतो. आज अकरावा.