‘ड’साठी सात सेकंद

ता. ४ जुलै

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. बाइंडिंगचं काम भरपूर आहे, मी बरा आहे, फक्त डावा डोळा रुसलाय. चार दिवस झाले, त्यात काळे दोरे तरंगतात आणि कडेला लख्खकन काहीतरी चमकतं. आधी वाटलं, शिलाईचाच दोरा पापणीत अडकला असेल!

इस्पितळात वेळ घ्यायला फोन केला, तर तिथे आता माणूस नाही, यंत्रातली बाई आहे. फार गोड बोलते हं. काय त्रास होतो म्हणून विचारते. आता मला म्हणायचं ‘डोळा’, आणि माझी गाडी लहानपणापासून नेमकी ‘ड’वर अडते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? आवाज फुटेपर्यंत बाई आभार मानून फोन ठेवून मोकळी. ‘चष्मा’ म्हणून पाहिलं, तर चष्म्याच्या दुकानाचा नंबर दिला! अकरा वेळा फोन केला. शेवटी पायीच गेलो, तर खिडकीवरचा म्हणाला की वेळ फोनवरच मिळते.

तू यंत्रांना बोलायला शिकवतेस, तेव्हा या बाईला वश करायची काही युक्ती असली तर कळव. शेजारच्या शिंप्याला फोन करायला सांगता येईल, पण या वयात दुसऱ्याच्या तोंडानं बोलायचं जिवावर येतं बघ.

लोभ आहेच, पत्र तेवढं लवकर टाक.

तुझा,
दादा


ता. १३ जुलै

ती. दादास, शि. सा. न.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नाही.

ते यंत्र नवीन आहे, रुळेल हळूहळू. तू असं कर, फोन लावायच्या आधी खोल श्वास घे, वाक्य मनात जुळव आणि सावकाश बोल. नाहीच जमलं तर शिंप्याला सांग, त्यात कसला आलाय कमीपणा? दोरे काय, वयानं दिसतात म्हणे. डोळा चोळू नकोस. इकडे सगळं ठीक.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
भिंगरी


ता. २२ जुलै

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

ओळी तिरक्या गेल्यात, चालवून घे.

श्वास घेऊन पाहिला. शाळेतले मास्तरही हेच सांगायचे. मग शिंप्यानं एका दमात वेळ मिळवून दिली. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, कडेचं थोडं दिसतं, मधलं गेलं ते गेलं. आठवडाभर आधी आला असतात तर डोळा वाचला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काल सुईत दोरा ओवताना तीनदा बोट टोचून घेतलं.

एक विचारू? मागचं पत्र तुझं वाटलं नाही गं. घरात काही बिनसलंय का?

दादा


ता. २६ जुलै

ती. दादास, शि. सा. न.

कोणत्या तोंडानं लिहू कळत नाही, तरी लिहिते. दादा, ती गोड बाई माझी आहे. आमच्याच ऑफिसात बनली, आणि समोरचा दोन सेकंद गप्प राहिला तर फोन सोडायचा, हे मीच ठरवलं. रांग तुंबू नये म्हणून.

आमच्या भिंतीवर नियमांचा कागद आहे. कुणालाही वगळायचं नाही, ही त्यातली पहिली ओळ माझी, तुला आठवून लिहिलेली. खाली तपासणीचे प्रश्न आहेत. बोलताना अडणाऱ्या माणसांकडून यंत्र तपासून घेतलं का, असा एक आहे. मी बरोबरची खूण केली. कुणीतरी विचारलं की कुणाकडून घेतलं, तर मी म्हणाले की माझ्या घरातच आहे, मला सगळं ठाऊक आहे. सगळ्यांनी आदरानं माना डोलावल्या. तुला एक फोनसुद्धा करून पाहायला लावला नाही रे मी.

तुझं पत्र वाचताक्षणी कळलं होतं. आठवडाभर ते पर्समध्ये घेऊन फिरले. एक फोन करून तुला वेळ मिळवून देता आली असती, पण मग सांगावं लागलं असतं. म्हणून यंत्र सुधारायचं सोडून तुलाच सुधारायला सांगितलं. त्या श्वासाची मला आता शरम वाटते.

काल सगळ्यांसमोर ती खूण खोडली आणि का खोडली ते सांगितलं. आता समोरचा थांबला की फोन माणसाकडे जातो. पण नीट तपासायचं तर तुझ्यासारखी माणसं हवीत. येशील का? नाही म्हणालास तरी मी तुला दोष देणार नाही.

लोभ मागायचा हक्क राहिलेला नाही.

भिंगरी


ता. २ ऑगस्ट

भिंगरे,

दोन दिवस तुझा इतका राग आला की पत्र फाडायला निघालो होतो. अजून गेलेला नाही. डोळ्याचं एकवेळ सोसेन. पण श्वास घे असं तू सांगावंस? मास्तरांनी सांगितलं तेव्हा त्यांना चिमटा काढणारी तू!

लहानपणी दुकानात मी अडलो की माझं वाक्य तू पुरं करायचीस. मला सुटल्यासारखं वाटायचं आणि घरी येऊन रडूही यायचं, हे कधी सांगितलं नाही. ती खूण म्हणजे तेच झालं. मी तोंड उघडायच्या आत तू माझ्या वतीनं हो म्हणून बसलीस.

येईन मी. शिंप्याला घड्याळ धरून बसवलं होतं. मला ‘ड’ला सात सेकंद लागतात. वैतागलेलो असलो तर नऊ. लिहून ठेव.

लोभ सध्या रुसलाय, समजूत काढावी लागेल. मी यंत्रापुढे बसेन तेव्हा तू त्याच खोलीत, माझ्यासमोर बसायचं. आणि काही झालं तरी माझं वाक्य तू पुरं करायचं नाहीस.

दादा