हसून बिघडलेला चेहरा

२ डिसेंबर
शीतल नागपूरहून आली. मेकपचा कोर्स करून राहिली पोरगी. नकली जखमा, नकली म्हातारपण, असलं. परीक्षेसाठी कोणाच्या तरी तोंडाचा साचा पाहिजे म्हणे. भावालेच बसवलं खुर्चीवर. मंगेशच्या भुवयायले व्हॅसलीन लावलं. दाताचं माप घेतात तो गुलाबी लगदा तोंडभर थापला, वरून हाड मोडल्यावरची ओली पट्टी. नाकाची भोकं तेवढी उघडी. मी म्हटलं, "पहिल्यांदा गप बसला पोट्टा. लग्नापर्यंत असाच ठेव याले."
आतल्या आत हसला. शीतल चिडली. "माय, बिघडवलं ना! ओठाजवळ मोडलं."
पुन्हा केलं. मले बाहेर हाकललं.

३ डिसें.
शीतलनं दोन्ही साच्यायत पांढरी भुकटी कालवून ओतली, दोन चेहरे निघाले. चांगला चेहरा घेऊन ती गेली. बिघडलेला अंगणात. पांढराफट, डोळे मिटलेले, डाव्या बाजूनं हसून राहिला. मंगेश म्हणे, "फेक माय, भेव लागते." कायले फेकू? वजनदार आहे. कापसावरच्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवला.

१९ डिसें.
मंगेश पहाटे संत्र्याची गाडी घेऊन निघाला. बोरगावच्या पुढं ट्रक

नाही लिहीत.

६ जाने.
पाहुणे गेले. घर खायले उठते.
मले तोंड पाहू देलं नाही कोणी. कपडा गच्च बांधून आणला. दिरानं हात धरून ठेवले, "वहिनी, पाहण्यासारखं नाही." शिव्या देल्या त्याले. सोडलं नाही.

९ जाने.
दिरानं कापूस सौंसरच्या बाजारात विकायले नेला. ताडपत्री घडी करून ठेवली. चेहरा कुठं?
जाऊ म्हणे, "दगड समजून फेकला असन हमालानं." दिवसभर गोठ्यामागचा उकिरडा उपसला. जाऊ म्हणे, येडी झाली. होऊ दे.
सापडला. नाक फुटलं. गालाले शेण. हासू तसंच आहे. पदरानं पुसला. धुवायची हिंमत नाही, विरघळला तर?

१३ जाने.
शीतल आली, चांगला चेहरा घेऊन. परीक्षा देलीच नाही तिनं. मंगेशच्या गालावर जखम करायले हात उचलला नाही म्हणे.
समोर ठेवला. नाक, भुवया, हनुवटीवरचा वण, सगळं बरोबर. मी म्हटलं, "हा गप आहे. हा माहा नाही."
लय रडली. तोडून बोलते मी.
मंग म्हणे, "माय, या चांगल्याच्या नाकाचा साचा काढून त्या फुटक्याले बसवून देते. पण त्याले ओलं करा लागन. घासाही लागन."
"ओठाले धक्का?"
"नाही लागणार बहुतेक."
"बहुतेक म्हंजे?"


१४ जाने.
शीतल सकाळपासून अंगणात सामान मांडून बसली. पाणी, पांढरी भुकटी, कानस. नाक नसलं तर श्वास कुठून घेत असन, असं येडं मनात येते.
"माय, आण ना."
चेहरा मांडीवर आहे.
"थांब," म्हटलं.