हिच्या आवडीची चिकोरी

५ ऑक्टोबर

ही बहिणीकडे गेली. काही दिवस. भांडण वगैरे अजिबात नाही. मी एवढंच म्हणालो की हॉलच्या भिंतीला राखाडी रंग द्यायचं मी ठरवलंय. त्यावर ही म्हणाली, इतक्या वर्षांत मला एकदा तरी विचारलंत का. मी म्हटलं, राखाडीत विचारण्यासारखं काय आहे. झालं, विषय संपला. बॅग मोठी होती, पण हिला पहिल्यापासून सामान जास्तच लागतं. निघताना दारात "येते" म्हणाली. "जाते" म्हणाली नाही. हे लक्षात घेण्यासारखं आहे.

७ ऑक्टोबर, सकाळ

सुचलं. हिला चिकोरी घातलेली कॉफी फार आवडते. मागच्या अंगणात चिकोरी लावायची. ही परत आली की घरच्या चिकोरीची कॉफी पुढे ठेवायची. एकदम खूश. बियाण्यांच्या दुकानातून इटालियन चिकोरीची दोन पाकिटं आणली. एकावर लाल गड्डा आहे, दुसऱ्यावर लांब हिरवी पानं. इटालियन म्हणजे क्वालिटी असणारच. पेरणी उद्या.

८ ऑक्टोबर

वाफ्याचा नकाशा काढला. पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून हयात गेली, नकाशाशिवाय मी खुरप्याला हात लावत नाही. स्केल, उत्तर दिशेचा बाण, सगळं व्यवस्थित. यात दिवस गेला. पेरणी उद्या.

११ ऑक्टोबर

पाठ धरली आहे. पेरणी उद्या.

१४ ऑक्टोबर

पेरलं. पेरून झाल्यावर पाकिटाची मागची बाजू वाचली. ही कॉफीची चिकोरी नव्हेच. ती मुळांसाठी लावतात. ही पानांची. सॅलड, भाजी वगैरे. दुकानात जाऊन विचारलं. दुकानवाली म्हणाली, काका, पाकिटावर पानांचं चित्र आहे, कपाचं कुठे आहे. मी म्हटलं मला माहीतच होतं, फक्त खात्री करून घेतली.

खरं तर हे जास्त चांगलं झालं. कॉफी काय, कुणीही देतं. स्वतः पिकवलेलं सॅलड किती नवरे देतात?

२३ ऑक्टोबर

उगवली. कोंब दिसताच हिला फोन केला. उचलला नाही. कामात असेल. मग मुलीला केला. मुलगी म्हणाली, बाबा, आईला थोडं एकटं राहू द्या, रोज रोज फोन करू नका. मी कुठे रोज करतो. सकाळी करतो तो चौकशीचा आणि संध्याकाळी करतो तो सकाळचा उचलला नाही म्हणून.

मुलीला "येते"चा मुद्दा समजावून सांगितला. ती म्हणाली, येते असं सगळेच म्हणतात बाबा, गॅस सिलिंडरवालासुद्धा येतो म्हणूनच जातो. मी म्हटलं, मग पुढच्या वेळी येतोच ना तो. पटलं असावं, तिने फोन ठेवला.

६ नोव्हेंबर

शेजारी एक रिटायर्ड नर्सबाई राहतात. त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, रोपं फार दाट झालीत, निम्मी उपटून टाका. मी म्हटलं बघू. एवढ्या कौतुकाने उगवलेली रोपं उपटायची म्हणजे काय.

९ नोव्हेंबर

गोगलगायींनी निम्म्याहून जास्त फस्त केली. म्हणजे मला उपटायची गरज नव्हतीच. निर्णय बरोबर होता.

१७ नोव्हेंबर

तब्येत उत्तम. स्वयंपाक जमतो. भांडी तुंबत नाहीत, कारण एकच ताट काढलंय. कपाटातल्या हिच्या बाजूला माझे चार शर्ट नेऊन टांगले. जागेचा योग्य वापर व्हायला हवा. शिवाय दार उघडलं की नुसते हँगर दिसायचे, ते बरं वाटत नव्हतं.

संध्याकाळी घर खायला उठतं. दिवस लहान झाल्यामुळे असेल.

२८ नोव्हेंबर

पहिलं पान तोडून खाल्लं. कडूजहर. गूळ खाल्ला, पाणी प्यायलो, तरी तोंड सरळ होईना. नर्सबाई म्हणाल्या, थंडी पडली की कडूपणा उतरतो, घाई करू नका. हे ऐकून फार बरं वाटलं. मी तेच म्हणतोय ना. सगळ्याच गोष्टींना थोडा वेळ द्यावा लागतो. हिला सांगायला लगेच फोन केला. उचलला नाही.

१२ डिसेंबर

भिंतीचा प्रश्न एकदाचा निकालात काढायचा. हिला हवा तोच रंग द्यायचा. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच. रंगाच्या दुकानापर्यंत गेलो. तिथे दुकानदाराने विचारलं, कुठला रंग. मला सांगता येईना. ही बोलली असणार, नक्की बोलली असणार, पण मला आठवेना. मुलीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, आईलाच विचारा. हिला विचारायचं म्हणजे सरप्राइज काय राहिलं? हात हलवत परत आलो.

१९ डिसेंबर

नवी पद्धत वाचली. चिकोरी अंधारात झाकून ठेवली की पानं फिकट होतात आणि कडूपणा जवळजवळ जातो. लांब पानांच्या रोपांवर बादल्या पालथ्या घातल्या. बादल्या संपल्यावर कुकर. आता फक्त हात लावायचा नाही.

२० डिसेंबर

उचलून बघितलं. तशीच आहे.

२१ डिसेंबर

सकाळी बघितलं, दुपारी बघितलं. अंधार लागतो हे मला मान्य आहे, पण न बघता कळणार कसं?

३० डिसेंबर

कुकरखालची सडली. बादल्यांखालची हिरवीच्या हिरवी, उजेड लागला म्हणे. पण लाल गड्ड्याची काही रोपं न झाकताच थंडीने छान भरली आहेत. मी त्यांच्याकडे मुद्दामच लक्ष दिलं नव्हतं.

४ जानेवारी

हिने फोन केला. स्वतःहून. पुढच्या रविवारी येते म्हणाली. राहायचं किती दिवस, ते मी विचारलं नाही. स्वतःच्या घरी येणाऱ्या माणसाला हे कोण विचारतं? मुलीला फोन करून सांगितलं. ती फक्त बरं म्हणाली. आजकालच्या मुलांना आनंद दाखवता येत नाही.

माझे शर्ट माझ्या बाजूला आणले.

११ जानेवारी, सकाळ

चादरी बदलल्या. चिकोरी चिरून थंडगार पाण्यात टाकली, त्याने उरलासुरला कडूपणा निघतो. तेल, लिंबू, मीठ तयार. टेबलावर आता दोन ताटं.

११ जानेवारी, संध्याकाळ

ही आली. बारीक झाली आहे, पण चेहरा चांगला दिसला. मोठी बॅग घेऊन आली होती, पण रिकामी. मला वाटलं, तिकडचं सामान मागाहून येणार. मग ही बेडरूममध्ये गेली आणि गरम कपडे, शिलाई मशीनचा डबा, हिच्या आईचा फोटो असं एकेक बॅगेत भरायला लागली. मी दारात उभा राहून चिकोरीची माहिती सांगत होतो. थंडीने लाल रंग कसा चढतो वगैरे. थांबलो असतो तर काय बोलावं ते सुचलं नसतं.

जेवायला बसली. सॅलडचं एकेक पान खाल्लं, सगळं संपवलं. छान लावलीत हो, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यासाठीच लावली, तुला चिकोरी आवडते ना. तर म्हणाली, मला कडू काहीच आवडत नाही. चिकोरीवाली कॉफी तुम्हाला लागते. मला चहा लागायचा. लग्न झाल्यावर तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही, मग ते तसंच राहिलं. रागाने बोलली नाही. रागावली असती तर समजूत तरी काढता आली असती.

मी विचारलं, मग आत्ता सगळं का संपवलंस. म्हणाली, सवय.

बहिणीच्या घराजवळ खोली घेतली आहे. शिवणाचे क्लास सुरू केलेत, बायका येतात. भिंतीला पिवळा रंग दिलाय म्हणाली. मग स्वतःचं ताट धुऊन ठेवलं आणि रिक्षा बोलावली. बॅग मीच खाली नेऊन दिली. जड होती.

१२ जानेवारी

काही लिहिण्यासारखं नाही.

२ फेब्रुवारी

मुलीचा फोन. जेवलात का म्हणाली. हो म्हटलं.

२१ एप्रिल, सकाळ

वाफ्याकडे बरेच दिवस फिरकलो नव्हतो. आज पाणी सोडायला गेलो तर उरलेली चिकोरी छातीएवढी वाढलेली आणि सगळीच्या सगळी फुललेली. निळी फुलं. असा निळा रंग मी आयुष्यात बघितला नव्हता. पाकिटावर याचं चित्रच नाही.

अगं, ऐकलंस का, लवकर बाहेर ये, म्हणून हाक मारली. चांगली मोठ्याने.

भिंतीपलीकडून नर्सबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. काही नाही म्हटलं.