डावखुरे टाके

नेवासा, रविवार

सायलीला जयभीम.

मुलींच्या वसतिगृहाला द्यायच्या म्हनून नऊ वर्षं अर्धवट पडलेल्या गोधड्या पुऱ्या करायला घेतल्या हुत्या. तीन झाल्या. चौथीचा आतला थर गोळा झालेला, म्हनून उसवली, आन् आतून तुझी लग्नातली पांढरी साडी निघाली! तीच, चंदेरी काठाची.

"माहेरी देऊन आली, आन् आता हरवली म्हनून रडती," असं सगळ्यांसमोर मीच म्हनले हुते. तू शपथ घेतलीस, तरी ऐकलं न्हाई. त्याच आठवड्यात तुमी दोघं सुप्याला ऱ्हायला गेलात.

आधी वाटलं, कुनी मुद्दाम लपवली. मग टाके बघितले. सगळे डावीकडं झुकलेले. घरात डावखुरी मी एकटीच. सासऱ्यांच्या जुन्या धोतरांत तुझ्या साडीची घडी गेली असंल. काठ आत दुमडलेला. धोतरच समजून मी अंथरली आन् शिवली.

साडी उन्हात धरली, तर टाक्यांच्या भोकाभोकांतून ऊन आरपार येतंय.

तुझा पत्ता माझ्याकडं न्हाई. नऊ वर्षांत कुनाला विचारलाच न्हाई. आता विचारायचा, तर कशाला पायजे ते आधी सांगावं लागंल.

तुझी थोरली जाऊ,
मथुरा