मेणातले मोठे काका

गिरगाव, पितृपक्ष

चि. ऋग्वेदा हिला दुर्गाकाकूचे पोटभर आशीर्वाद. हैदराबादच्या मेसमध्ये भात तरी बरा मिळतो ना? इकडे माझे गुडघे सोडले तर सगळे ठीक. तुझे बाबा जरा जास्तच ठीक आहेत, त्यांचंच सांगायचं आहे.

तुझं संमतीपत्र पोचलं, सही केली. तुझ्या मोठ्या काकांच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा, जो हॉस्पिटलने मेणाच्या वडीत बसवून आपल्या हातात दिला होता, तो तुमच्या प्रयोगशाळेसाठी सोबतच्या पार्सलात आहे. (दोन वर्षं फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात होता. मेण वितळत नाही असं तू म्हणालीस, पण इथल्या मे महिन्यावर माझा विश्वास नाही.) तू दिलेले कागद तीनदा वाचले. ते पी ५३ नावाचं प्रथिन म्हणे पेशीत चूक दिसली की तिची वाढ थांबवतं, दुरुस्त कर म्हणतं, आणि नाहीच जमलं तर पेशीलाच संपवतं. म्हणजे तुझे काकाच की गं! चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, चूक दिसली की चालू मशीन थांबवायचे, मालक शिव्या घालायचा. मी वाचायला शिकले ती त्यांच्या रद्दी मुद्रितांवरच. आणि त्यांच्याच छातीत हा तपासनीस बिघडला, वाकडातिकडा झाला, चुका बेधडक छापून निघाल्या. त्या वाकलेल्याला आधार देऊन पुन्हा सरळ उभं करील असं औषध तुम्ही शोधताय. प्रयोग अजून अर्ध्यावर आहेत, ह्यांना तर त्याचा उपयोग नाहीच, हे मला कळतं. पुढच्या कुणाला तरी होईल.

तर काकांच्या तिथीला गच्चीवर पान ठेवलं आणि कावळा शिवेना. (या पंधरवड्यात आमच्या गल्लीतले कावळे इतके जेवलेले असतात की त्यांना उडताना धाप लागते. हे मी बोलले, कुणी मनावर घेतलं नाही.) तुझे बाबा हात जोडून एकेक वचन देऊ लागले. "दादा, वहिनीला अंतर देणार नाही. दादा, तुझी छत्री परत करतो." कावळा ढिम्म. पाऊण तास उन्हात गेल्यावर शेजारच्या कौसल्याबाई (माझ्या फ्रिजमधलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक) म्हणाल्या, "शिवेल कसा? माणूस थोडा लोण्याच्या कप्प्यात आहे अजून!"

"वहिनी, सगळं विसर्जन झालं म्हणाला होतात!"

मी म्हटलं, भावजी, अस्थी गेल्या, ही गाठ आहे. म्हणाले, गाठ झाली तरी दादाचीच ना? (उत्तर होतं माझ्याकडे, पण वरण गार होत होतं.) मग तुझ्या प्रयोगशाळेचं सांगितलं, तर प्रकरण चिघळलंच. "माझी मुलगी माझ्या भावाला कापणार?" मी धीर दिला, की अगदी पापडाहून पातळ कापणार आहे. त्याने त्यांना धीर आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलेली बघून त्यांनी कौसल्याबाईंकडची किल्ली घेतली, वडी काढली, आणि चौपाटीवर सोवळं नेसून, गुडघाभर पाण्यात उभं राहून ती सोडून आले. संध्याकाळी डोळे पुसत माझ्या पाया पडले. "सुटला दादा." मीही पदर डोळ्यांना लावला. जेवायला ठेवून घेतलं, दोन वाट्या खीर संपवली त्यांनी.

तब्येतीला जप.

तुझी,
दुर्गाकाकू

ता. क. : बाबांनी सोडलं ते माझं शिवणाच्या दोऱ्याला लावायचं मेण. तिथीच्या दिवशीच त्यांची नजर फ्रिजकडे वळलेली पाहिली आणि अदलाबदल करून ठेवली. त्यांनी मनोभावे केलंय, त्यांना यातलं अक्षरही कळू देऊ नकोस.

आणखी एक : सोबत पार्सल नाही. तीनदा पोस्टात जाऊन आले. खिडकीतल्या मुलीने दर वेळी विचारलं, "आत काय आहे, आजी?" आणि दर वेळी मी ते उचलून घरी आणलं. तेव्हा तूच ये, दिवाळीची वाट बघू नकोस. मी हातात देईन. आणि चहा घे, अजून थोडी बस, असं करत मी तुला टोलवायला लागले, तर ओढून घे.