टाकीला आलेलं पोट

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, एक सोडून. दिवाणखान्यातली माझी माशांची टाकी फुगली आहे. काचेची असती तर फुगली नसती, पण ही ॲक्रिलिकची. आधी मला वाटलं मासेच लठ्ठ झाले. पण मी जन्मभर चष्मे बनवले, सपाट बाजूचं भिंग झालं की मला कळतं. पुढच्या बाजूला फूटपट्टी उभी धरली तर ती मध्ये टेकते आणि वर-खाली फट राहते.

खरी गंमत पुढेच. हे मला कळायच्या आधी सूनबाईला ठाऊक होतं. तिने टाकीजवळचा सोफा हलवला, सतरंजी गुंडाळली. विचारलं तर म्हणाली, साफसफाई. मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो असताना एक काचवाला येऊन मापं घेऊन गेला, तेही मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. शिवाय रोज सकाळी पाणी थोडं उतरलेलं असतं आणि जमीन मात्र कोरडी ठणठणीत! त्यावर तिचं उत्तर, उन्हाळ्यात उडत असेल.

आता ती काचेची टाकी घेऊ म्हणते. मला वाटतं, ही टाकी एकदा दाराबाहेर गेली की दुसरी काही आत येत नाही. तिच्या शिवणाच्या टेबलाला तीच भिंत हवी आहे. चिरंजीव तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. तू काय म्हणतेस?

तुझ्या मायेची आठवण ठेवणारा,
बाळ्या

९ जून

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली. रुसवे तुझे आणि फुगवे टाकीचे! माझ्या दवाखान्यातल्या नोकरीत मी एक शिकले. सूज दिसली की आधी सूज बघायची, कोणाची नजर लागली ते नंतर. तेव्हा आधी पाणी निम्म्यावर आण. सगळं पाणी दिवाणखान्यात आलं तर सूनबाईचं टेबल आणि तुझा संशय दोन्ही तरंगतील.

दुसरं असं, की टाकीच्या वर मधोमध एक आडवी पट्टी आहे, हात घातला की तिच्यावर बोटं आपटतात, अशी तक्रार तू मागे लिहायचास. तीच पट्टी पुढची-मागची बाजू आवळून धरते, हेही तूच मला तोऱ्यात शिकवलंस. हल्ली बोटांची तक्रार नाही. झाकण उचलून बघ बरं.

काचवाल्याबद्दल माझ्याही मनात पाल चुकचुकली. मापं घ्यायला तू घरी नसतानाचीच वेळ का? पण सूनबाईला तोंडावर विचारलंस का, की नुसताच काकूंकडून ऐकतोस?

तब्येत सांभाळ, राग आवर.
तुझी ताई

१७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शंका खरी निघाली. पट्टी नाही! दोन्ही टोकांशी सफाईने कापली आहे आणि कडा पॉलिश पेपरने घासल्या आहेत. माझ्या वाढदिवसाला मुलाने दिव्याचं नवं झाकण बसवून दिलं, त्यानंतर मी ते कधी उचललंच नव्हतं. खाऊ पुढच्या फटीतून टाकतो.

मग मी सूनबाईच्या शिवणाच्या टेबलाचा खण उघडला. हो, उघडला. आत दोऱ्यांच्या रिळांखाली बारीक दातांची करवत होती, दातांत पांढरा भुगा अडकलेला.

जेवताना सगळ्यांसमोर विचारलं. ती लालबुंद झाली, नवऱ्याकडे बघत राहिली. चिरंजीवांनी ताटातून मान वर केली नाही. मी बोलून गेलो की टाकी नको होती तर तोंडाने सांगायचं, चोरासारखं कापायचं कशाला. ती तशीच उठली आणि नातीला घेऊन माहेरी गेली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मासे न्हाणीघरातल्या मोठ्या टबात आहेत. आंघोळ करताना सगळे माझ्याकडे टक लावून बघतात.

लोभ कमी करू नकोस, सध्या घरात त्याचीच टंचाई आहे.
बाळ्या

२२ जून

बाळ्या,

आज आशीर्वाद शेवटी. ती नवऱ्याकडे बघत राहिली, असं तूच लिहिलंस आणि पुढे निघून गेलास. मी त्याच ओळीवर अडले. पट्टी कापणारी बाई करवत स्वतःच्या खणात ठेवील का? आणि ते झाकण बसवलं कोणी?

मुलाला एकट्याला बसव. प्रश्न विचार आणि गप्प राहा. उत्तर तू त्याच्या तोंडात घालू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

आशीर्वाद आहेतच.
ताई

४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसा गप्प बसलो. बराच वेळ तो नखं कुरतडत राहिला, मग रडायला लागला. झाकण बसेना म्हणून पट्टी त्याने कापली. टाकीला पोट आल्यावर घाबरला आणि बाबांना सांगू नकोस म्हणून बायकोला गळ घातली. काचवाल्याला तिने बोलावलं, माझ्यापासून करवत तिने लपवली, टाकीवरचा भार कमी व्हावा म्हणून रोज पहाटे तांब्याने पाणी तिनेच काढलं. मी चोर म्हणालो तेव्हाही तिने त्याचं नाव घेतलं नाही. त्यानेही घेतलं नाही.

तिच्या माहेरी गेलो. हात जोडले. ती म्हणाली, तुमचं मला कळलं, पण त्याने स्वतः येऊन माझ्या आईवडिलांसमोर सांगायला हवं. तो दोनदा अर्ध्या रस्त्यातून परतला, तिसऱ्यांदा गेला. आता ती घरी आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि ते तिचं बरोबरच आहे.

काचेची टाकी आली. जाड काच, वर दोन पट्ट्या, आणि वजन जास्त म्हणून खाली नवा लोखंडी स्टँड. जागा मी सूनबाईला ठरवू दिली. तिने ती पुन्हा त्याच भिंतीला लावली.

मुलगा फार गोड वागतो. काल जेवणं झाल्यावर म्हणाला, बाबा, बाहेरच्या दाराला कुलूप लावलंय. मी बरं म्हणालो. तो आत गेला तेव्हा उठलो आणि कुलूप ओढून पाहिलं. लागलेलं होतं.

तुझी माया अशीच असू दे.
बाळ्या