टो-बॉलवर फोडलेला नारळ

बेसिंगस्टोक,
गणपती बसायच्या आधीचा मंगळवार

श्री. सतीशराव यांना,

धाकटा साडू परीक्षित याचा वाकून नमस्कार (तुम्ही वयाने मोठे आहात म्हणून, बाकी कशाने नाही). तुमचा गुडघा कसा आहे? आसावरीताईंचं ब्लडप्रेशर? तुमच्या रीडिंग गावात पाऊस असेलच. आमच्याकडे सगळं ठीक आहे, फक्त ट्रेलरला ब्रेक नाही.

आडपडदा न ठेवता लिहितो, मी तुमच्यावर जळतो. गेल्या वर्षी मंडळाचा गणपती ट्रेलरवर ठेवून तुम्ही हॉलच्या मागच्या दारापर्यंत एका दमात रिव्हर्स गेलात, तेव्हा पायरीवर उभ्या असलेल्या आमच्या नीनाच्या तोंडून "वा!" निघालं. सतीशराव, मला प्रमोशन मिळालं तेव्हा ती "बरं" म्हणाली होती. घर घेतलं तेव्हा "लहान आहे" म्हणाली (आहे, पण म्हणायचं असतं का?). लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या वाट्याला एक "वा" नाही. आणि तुम्ही तरी लाजावं! तुम्ही नुसते गाडीतून उतरलात आणि चष्मा पुसलात. तो पुसलेला चष्मा मला वर्षभर झोपू देत नाही.

म्हणून मी अमेरिकेहून आलेला पिकअप घेतला, आणि त्याच्या मालकाकडचा ट्रेलरही. इथे इंग्लंडात ट्रेलरला नसतो असा विजेवरचा ब्रेक त्याला आहे: आपण पेडल दाबलं की डॅशबोर्डखालची एक डबी ट्रेलरच्या चाकांना करंट पाठवते. तुमच्या ट्रेलरला असली डबी नाही, हे मी मंडळाच्या मीटिंगमध्ये सहज बोलून गेलो (दोनदा). यंदा गणपती माझ्या ट्रेलरवर येणार असं ठरलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्यात. तुमचा हा चांगुलपणा तर मला अजिबात सहन होत नाही.

पिकअपची पूजा केली, तो व्हिडिओ तुम्ही ग्रुपवर पाहिलातच. ब्रेकचा सगळा जीव ट्रेलरची वायर खुपसायच्या मागच्या सॉकेटमध्ये असतो असं मी नीनाला ऐटीत समजावलं, म्हणून तिने झाकण उघडून नेमकं तिथेच हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. मग मी सॉकेटशेजारच्या टो-बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर, नारळ फोडला, तुम्हाला रीडिंगपर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात. त्यावर सगळ्यांनी अंगठे आणि जोडलेले हात पाठवले. तुम्ही एकट्यांनी लिहिलंत: "परीक्षितराव, सॉकेटचं झाकण लावून घ्या." मी म्हटलं, झाली सुरुवात, आता हा माणूस जळायला लागला. त्या आनंदात मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून ट्रेलर जोडला तरी डबीवर "ट्रेलर जोडलेला नाही" असं येतंय. फ्यूज बदलला. अर्थिंगची वायर घासून लावली. एका टोपीवाल्या अमेरिकन माणसाचे व्हिडिओ इतके पाहिले की आता स्वप्नातही तो मला "बडी" म्हणतो. शेवटी डबीच नवी बसवली. तीही म्हणते, जोडलेला नाही. गॅरेजवाला बघून "लव्हली ट्रक, मेट" म्हणाला आणि चहा प्यायला आत गेला. मग एकच कारण उरलं: तुमची दृष्ट. (राग मानू नका, घरातली गोष्ट आहे.) नीनाने मीठमोहऱ्या-मिरच्यांनी पिकअपची दृष्ट काढली. ठसका शेजारच्या मार्गारेटबाईंना लागला, आणि फायर ब्रिगेडला फोन लावण्यापर्यंत मजल गेली. ब्रेक मात्र आला नाही.

तेव्हा मंडळाला तुम्हीच परस्पर कळवा, की परीक्षितची तब्येत बरी नाही.

आपला,
परीक्षित

ता. क. वरचं कळवू नका. नीना आत्ता जुना टूथब्रश घेऊन सॉकेटपाशी बसली होती. आतून लाल अक्षता निघाल्या, खोबऱ्याचा तुकडा निघाला आणि नारळाच्या पाण्याने चढलेला हिरवा गंज. सगळं घासल्यावर डबीने ट्रेलर ओळखला. ब्रेक झकास लागतो. दृष्टीबद्दल लिहिलेलं मागे घेतो. झाकणाबद्दल काही बोलायचं नाही.

आणखी एक. ब्रेक लागतो, पण ट्रेलर रिव्हर्समध्ये मी वळवेन त्याच्या उलट जातो. सध्या तो मार्गारेटबाईंच्या कुंपणात आहे आणि त्यांची गाडी आत अडकली आहे. गुरुवारी संध्याकाळी येऊन मला रिव्हर्स शिकवाल का? खरं तर पत्र त्यासाठीच होतं. नीनाचा तेव्हा योगाचा क्लास असतो. तुमची गाडी कोपऱ्यापलीकडे लावा. तिला कळता कामा नये.

शेवटचं. पाकीट चिकटवायला मी नीनाकडेच दिलं, ही चूक झाली. तिने सगळं वाचलं. गुरुवारचा क्लास तिने रद्द केला आहे आणि आसावरीताईंनाही बोलावलंय. "सतीशराव स्वतः येऊन शिकवणार? वा!" असं म्हणाली. म्हणजे हा "वा"ही तुम्हालाच गेला, आणि तोही घरबसल्या. या. जेवूनच जा. फक्त गाडीतून उतरल्यावर चष्मा पुसू नका.